पिलू घरी येते तेव्हा

श्रावणातल्या एखाद्या ओल्या संध्याकाळी पेडण्याकडील एका कौलारू घराच्या सोप्यावर पुठ्ठ्याचे खोके उतरते. खोक्यात जुने फडके असते आणि फडक्यात तपकिरी रंगाचा ओंजळभर जीव थरथरत असतो. मुले भोवती कोंडाळे करतात. आजी आतून बजावते की, त्याला शिवलात तर हातपाय धुतल्यावाचून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. घरधनी मात्र, मित्राच्या आग्रहाला आपण होकार का दिला आणि आता याला ठेवावयाचे कुठे, या विवंचनेत उभा असतो. नाव तेवढे घटकाभरात ठरते. गोव्यात टायगर आणि मोती यांखेरीज कुत्र्याला तिसरे नाव नसावे, असा कधीकधी संशय येतो.

कुत्रे पाळणे या मुलखाला नवे नाही. डिचोली तालुक्यातील साखळीचे दत्तमंदिर प्रसिद्ध आहे. दत्ताच्या पायाशी बसलेले चार श्वान लहानपणापासून पाहत आलेल्या माणसाला या प्राण्याविषयी आस्था शिकवावी लागत नाही. परंतु गावातील कुत्रे घराचे असे ते अंगणापुरते. उरलेली पेज खावी, न्हाणीच्या चुलीजवळच्या ऊबदार राखेत निजावे, रात्री अनोळखी पावलांवर भुंकावे, एवढाच त्याचा आणि घराचा करार. पाच पिलांतील तीन दगावली तर ती दगावायचीच होती, असे म्हणून माणसे आपल्या कामाला लागत. ज्याला कुत्रे खरोखर पाळावयाचे आहे, त्याला हा जुना करार पुरत नाही. ती पिले ठराविक आणि बहुतांशी टाळता येण्याजोग्या कारणांनी दगावत असत, आणि ही कारणे आयुष्याच्या पहिल्या सोळा आठवड्यांत गर्दी करून असतात.

पहिला प्रश्न पिलाच्या जातीचा नव्हे, वयाचा. डोळे उघडून दूध पिऊ लागले की पिलू उचलून आणावे, अशी चाल आहे. लहान असतानाच आणले म्हणजे ते माणसाळते, असा त्यामागचा समज. वस्तुतः आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिलाची जागा आईजवळ आणि भावंडांत असते. खेळताना भावंडाला जोराने चावले की भावंड केकाटते आणि खेळ मोडतो. फार धसमुसळेपणा केला की आई दटावते. आपल्या दातांत किती जोर आहे आणि तो कुठे वापरू नये, हे पिलाला असे कळते. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेले पिलू या शाळेत गेलेलेच नसते, आणि मग तोच धडा घरातील मुलांच्या पोटऱ्यांवर गिरविला जातो. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम केले, त्यांतही आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकण्यास मनाई आहे. किनाऱ्यावर हरमल, मोरजीकडे हंगामी उपाहारगृहे बंद होताना तेथील कुत्र्यांची पिले मागे राहतात आणि दयेपोटी कोणी ती लवकर उचलतो. तेथे नियमापेक्षा जीव महत्त्वाचा, हे खरे. पण अशा पिलाला अधिक सांभाळावे लागते, हे उचलणाऱ्याने मनाशी धरावे.

पहिल्या रात्री पिलू रडते. आजवर ते कधी एकटे निजलेले नसते. भावंडांच्या ढिगाऱ्यात एकमेकांच्या उबेवर त्याची झोप झालेली असते. अशा वेळी त्याला अंधाऱ्या पडवीत बांधून दार लावून घेणे हा कठोरपणा तर आहेच, शिवाय त्यातून काही साध्यही होत नाही. खोके आपल्या अंथरुणाजवळ ठेवावे, त्यात वापरलेल्या कपड्याचा तुकडा घालावा, मधून हात लावावा. चार-पाच रात्रींत रडणे आपोआप थांबते. लहानग्याच्या गळ्यात साखळी अडकवू नये. घाण करण्याबद्दल त्याचे नाक त्या घाणीत घासण्याची रीत अजूनही काही घरांत दिसते. तिने पिलाला एवढेच कळते की माणसासमोर हा विधी उरकणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली जागा शोधते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला उचलून परसातील एकाच ठिकाणी न्यावे आणि काम झाले की शाबासकी द्यावी. यापरती युक्ती नाही.

खाण्याच्या बाबतीत पहिली चूक दुधाची होते. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट स्निग्धांश व प्रथिने असतात आणि दुधातील साखर त्या मानाने कमी असते. म्हणून वाटीभर गाईचे दूध पिलाच्या पोटाला एकाच वेळी अपुरेही पडते आणि जडही जाते, जुलाब लागतात. चहात बुडविलेला पाव हा दुसरा लाडका खाऊ, तोही नको. आठ आठवड्यांच्या पिलाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खावयास लागते, तीन महिन्यांनंतर तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. मऊ भात चालतो, परंतु नुसत्या भातावर हाडे भरत नाहीत. त्यात उकडलेले अंडे, हाडे काढलेली कोंबडी किंवा काटे निवडलेला मासा, तोही मीठ-तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढलेला, असावा. ऐपत असल्यास पिलांसाठी बाजारात मिळणारे तयार अन्न पशुवैद्याला विचारून द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषे आहेत. आणि एक वस्तू याहूनही घातक, कारण ती मायेने दिली जाते: घरातील तापाची किंवा अंगदुखीची गोळी. माणसाला उतार देणारी गोळी पिलाचा जीव घेऊ शकते.

आता मुख्य गोष्टीकडे वळावयाचे. पिलाला एकच लस तीन-तीन वेळा का टोचतात? पहिल्या खेपेस पैसे घेतले, दुसऱ्या खेपेस पुन्हा तेच, मग पहिली वाया गेली काय, असा रास्त प्रश्न दवाखान्याबाहेर ऐकू येतो. त्याचे उत्तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक असलेल्या एका पदार्थात आहे. गाय व्यायली की पहिल्या दोन-तीन दिवसांचे जे दाट, पिवळसर दूध निघते, त्याला चीक म्हणतात आणि त्याचा आपण खरवस करतो. हा चीक खरे पाहता वासराच्या वाट्याचा असतो, कारण आईने आयुष्यभरात ज्या रोगांशी झुंज दिली, त्यांविरुद्धची तयार प्रतिकारद्रव्ये त्यात उतरलेली असतात. कुत्रीचेही तसेच. जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिलाने जो चीक प्यालेला असतो, तो त्याला पुढे काही आठवडे पुरतो. ही आईने दिलेली शिदोरी होय.

शिदोरी आहे तोवर रोग आत शिरत नाही. पण लससुद्धा शिरत नाही! कारण लस म्हणजे दुबळा केलेला किंवा मारलेला रोगजंतूच. आईची प्रतिकारद्रव्ये त्यालाही शत्रू समजून निकालात काढतात आणि पिलाचे शरीर स्वतः काहीच शिकत नाही. शिदोरी संपल्यावर टोचले तर लस लागू पडते. परंतु ती नेमकी केव्हा संपेल हे बाहेरून कळत नाही. एखाद्या पिलाची सातव्या आठवड्यातच संपते, एखाद्याची चौदाव्यापर्यंत पुरते. एकाच वेतातील दोन भावंडांतही फरक पडतो. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात आरंभ करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा येईपर्यंत टोचत राहावयाचे, म्हणजे शिदोरी जेव्हा संपेल तेव्हा लवकरच एखादी लस येऊन ठेपेल. पहिली वाया गेली नाही. ती लवकर रिकाम्या होणाऱ्या पिलासाठी होती. मात्र शिदोरी संपणे आणि लस लागू पडणे यांच्या मधे काही दिवसांचे एक खिंडार राहतेच. पिलू मरते ते बहुधा या खिंडारात.

खिंडारातून शिरणाऱ्या रोगांत पार्व्हो हा फार क्रूर. १९७८ च्या सुमारास जगाला तो प्रथम कळला आणि एक-दोन वर्षांत सर्वत्र पसरला. काल बागडणारे पिलू आज खात नाही, ओकते, मग विशिष्ट दुर्गंधीचे, रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात आणि शरीरातील पाणी संपून दोन-तीन दिवसांत ते जाते. वेळेवर सलाईन चढविल्यास पुष्कळ पिले वाचतात. 'उद्या पाहू' म्हटल्यास थोडीच. या विषाणूचा चिवटपणा असा की, तो मातीत कित्येक महिने टिकतो. शेणाने सारवून अंगण पवित्र होत असेल, विषाणूमुक्त होत नाही. फरशीवर पाण्यात विरळ केलेले ब्लीचिंगचे द्रावण चालते, पण मातीच्या अंगणाला तो उपाय लागू पडत नाही. ज्या घरी गेल्या वर्षी पिलू अशा जुलाबांनी गेले, त्या घरी लसी पुऱ्या होईपर्यंत नवे पिलू आणूच नये, हे सांगणे कटू वाटले तरी खरे आहे. लेप्टोस्पायरा या उंदरांच्या मुत्रातून पसरणाऱ्या रोगाची लसही याच टोचणीत बहुधा असते. शेतात पाणी साचणाऱ्या गावांना तिचे महत्त्व सांगावयास नको.

जंतांचे औषधही या काळातच, दर पंधरवड्याने आणि पुढे महिन्या-महिन्याने, पशुवैद्य सांगतील तसे. पिलाला जंत बाहेरून लागतात असे नव्हे. काही आईच्या पोटातूनच आणि काही दुधातून येतात. टम्म फुगलेले पोट हे बाळसे नव्हे. पेडण्याच्या किनारपट्टीत अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या तळपायावर नागमोडी, खाजरी रेघ उमटते, ती पुष्कळदा कुत्र्याच्या विष्ठेतून वाळूत गेलेल्या अंकुशकृमीच्या अळीची वाट असते.

इतके सांभाळावयाचे म्हणजे पिलाला सोळा आठवडे घरात कोंडून ठेवावे काय? येथे एक पेच आहे. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षे पिले वाढवून पाहून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी दाखविले की, तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या मनाचे दार सताड उघडे असते. त्या काळात जे दिसते, ऐकू येते, ते त्याला आपलेसे वाटते. नंतर जे नवे येते, ते भयाचे. म्हणजे मनाचे दार बाराव्या आठवड्याला लोटले जाते आणि शरीराची तटबंदी सोळाव्याला पुरी होते. यातून वाट एकच: पिलाला कडेवर घेऊन जग दाखवावे. पेडण्याच्या बाजारात न्यावे, पण जमिनीवर पाय टेकू देऊ नयेत. कदंबची बस, छत्री उघडणारा माणूस, देवळातला ताशा, पाटीवाली, शाळेतून सुटलेली मुले, हे सारे त्याने कडेवरून पाहावे. ओळखीच्या घरचे लस टोचलेले, निरोगी कुत्रे भेटीस चालते. कडेवर पिलू घेतलेला गृहस्थ पाहून गावात थोडी चेष्टा होईल, ती सोसावी.

आणि श्रावणात आलेल्या पिलाला चवथ फार दूर नसते. गोव्यात चवथीला दारूकाम होतेच. पिलाला त्या रात्री आतल्या खोलीत, घरच्या माणसाजवळ ठेवावे. भ्यालेल्याला जवळ घेतले तर भित्रेपणा वाढतो, हा समज निराधार आहे.

चवथीच्या आगेमागेच पिलाला तीन महिने पुरे होतात, आणि मग सर्वांत महत्त्वाची लस येते, ती अलर्काची, म्हणजे रेबीजची. एखाद्या गावातील पिलू लवकर टोचावे असे पशुवैद्यांना वाटले तर तसे करावे. तीन महिन्यांनंतरची व पुढील सांगितलेली मात्रा मात्र चुकवू नये. या एका टोचणीचा संबंध केवळ त्या घराशी नाही, संबंध गोव्याशी आहे. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१३ ते २०१९ या काळात गोव्यात जे काम उभे केले, त्याचा वृत्तांत २०२२ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या शास्त्रीय नियतकालिकात आला. जाळी घेतलेल्या तुकड्या गल्लोगल्ली फिरत, कुत्रे धरीत, टोचीत, अंगावर रंगाची खूण करून सोडून देत, आणि कोणता वाडा झाला, कोणता राहिला, याची नोंद हातातील फोनवर होई. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्रे टोचून शंभरातील सत्तर कुत्र्यांपर्यंत लस पोहोचविण्यात आली. वर्षाला दीड लाख शाळकरी मुलांना कुत्र्याशी कसे वागावे हे शिकविण्यात आले. कुत्र्यांमधील रोगाचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरले. २०१८ पासून सलग तीन वर्षे माणसांत एकही रुग्ण आढळला नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला.

परंतु सत्तर टक्के ही संख्या दगडावर कोरलेली नसते. गावातील कुत्र्याचे आयुष्य तोकडे. दर वर्षी टोचलेली काही मरतात आणि न टोचलेली नवी पिले जन्मतात. नवे प्रत्येक पिलू ती संख्या किंचित खाली ओढते आणि त्याला टोचताच ती पुन्हा वर येते. पेडणे आणि डिचोली या सीमेवरच्या तालुक्यांत तर याचा अर्थ अधिक. तेरेखोलच्या पलीकडचा किंवा दोडामार्गाकडचा कुत्रा पत्रादेवीच्या नाक्यावर थांबून कागद दाखवीत नाही.

यातूनच मुलांचा प्रश्न येतो. पिलू चावते, दात येताना तर फारच. 'एवढेसे ते, त्याचे काय विष!' असे म्हणून घरचे हसतात. आणि पुष्कळदा मूल सांगतच नाही, कारण पोटात चौदा इंजेक्शने घेतल्याची कथा त्याने आजोबांकडून ऐकलेली असते. ती कथा खरी आहे, पण तिचा काळ गेला. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची लस दंडावर देतात आणि ठराविक दिवसांच्या चार-पाच खेपांत ती पुरी होते. लस न टोचलेल्या पिलाला, विशेषतः जे रस्त्यावरून आले आहे किंवा ज्याची आई कोण हे ठाऊक नाही अशा पिलाला, अलर्क असू शकतो. त्याचा दात लागला, नखाने ओरखडा निघाला, अगर आधीच्या जखमेवर त्याने चाटले, तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण अंदाजाची पंधरा मिनिटे दोन मिनिटांत संपतात. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नये. मग थेट तालुक्याचे आरोग्य केंद्र गाठावे. रक्त आले असेल तर लसीखेरीज जखमेत देण्याचे आणखी एक औषध असते, त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. पिलावर दहा दिवस नजर ठेवावी, पण ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत माणसाची लस अडवू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच परतत नाही. म्हणून पिलू घरात आल्याच्या पहिल्याच दिवशी मुलांना सांगून ठेवावयाचे की, चावा सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही आणि पिलालाही कोणी टाकून देणार नाही. मूल गप्प बसते ते पुष्कळदा या दुसऱ्या भीतीनेच.

बाकीच्या गोष्टी थोडक्या. गोचीड रोज कानांत, बोटांच्या बेचक्यांत शोधाव्या. चिमट्याने काढाव्या, बोटांनी चिरडू नयेत. रॉकेल किंवा शेतावरचे कीटकनाशक पिलाच्या अंगाला लावणे म्हणजे गोचिडीबरोबर पिलूही मारणे. हिरड्या फिकट दिसल्या आणि पिलू मलूल झाले, तर तो गोचिडीचा ताप असू शकतो. डिचोलीच्या रानालगतच्या वाड्यांवर बिबट्या कुत्र्यासाठी अंगणात येतो, हे तेथील माणसांना ठाऊकच आहे. तेथे रात्री कुत्र्याला दाराआड घ्यावे, मग ते कितीही धीट असो. सहाव्या महिन्याच्या सुमारास निर्बीजीकरणाविषयी पशुवैद्यांशी बोलून ठेवावे. मादी नको, नर हवा, असे म्हणणाऱ्यांनी विचार करावा की, नको असलेल्या सगळ्या माद्या शेवटी कुठे जातात.

लसीकरणाचे कार्ड मिळते ते रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावे. घर बदलले तरी ती पिशवी हरवत नाही. पुढच्या मात्रेची तारीख कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत लिहावी. ते भिंतीवरच असते आणि आजीची नजर रोज त्यावर फिरते. श्रावणात 'शिवू नका' म्हणणारी आजीच बहुधा तारखेची आठवण करून देते.

सोळावा आठवडा सरतो तेव्हा दसऱ्याचे दिवस असतात. भात पिवळे पडू लागलेले असते. शेवटच्या लसीनंतर पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस भरले की एके सकाळी पिलाला कडेवरून खाली उतरवावे आणि शेताच्या मेरेवर स्वतःच्या चार पायांनी चालू द्यावे. प्रत्येक गवताच्या काडीशी ते थांबेल. घाई करू नये. नरकासुराच्या रात्रीला अजून पंधरवडा असतो.